तिंप्सिला : प्रेअरीच्या पोटांतलें पांढरें सफरचंद

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागीं, रॉकी पर्वताच्या पूर्वेस, कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतापासून थेट टेक्सासपर्यंत एक अफाट गवताळ प्रदेश पसरलेला आहे. त्यास प्रेअरी असें म्हणतात. हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ केवळ 'कुरण' एवढाच आहे. परंतु ज्या फ्रेंच व्यापाऱ्यांनीं तो प्रथम वापरला, त्यांच्या मायदेशांतील कुरणें या प्रदेशाच्या एका कोपऱ्यांत हरवून जातील. पश्चिमेकडे पाऊस कमी म्हणून गवत आखूड, पूर्वेकडे तो अधिक म्हणून गवत माणसाच्या डोक्याहून उंच. मे महिना सरून जून लागला, कीं या गवतांत, विशेषतः कोरड्या टेकड्यांच्या माथ्यावर आणि खडकाळ उतरणींवर, जेमतेम वीतभर उंचीचें एक रोपटें निळसर जांभळ्या फुलांनीं फुलतें. घोड्यावरून जाणाऱ्या माणसास तें दिसणारही नाहीं. परंतु या प्रदेशाच्या मूळ रहिवाशांची नजर शतकानुशतकें त्याच्याच शोधांत जमिनीवर खिळत आली. कारण त्याच्या मुळाशीं त्यांची हिंवाळ्याची बेगमी दडलेली होती.

लकोटा लोक या वनस्पतीस तिंप्सिला म्हणतात. फ्रेंच नावाड्यांनीं तिला 'पांढरें सफरचंद' आणि 'कुरणांतलें सफरचंद' अशीं नांवें दिलीं. इंग्रज वसाहतवाल्यांनीं तिला प्रेअरीचा सलगम म्हटलें, कोणी 'पावमूळ' म्हणजे पावासारखें खाण्याचें मूळ म्हटलें. वास्तविक ती ना सफरचंदाच्या जातीची, ना सलगमाच्या. ती आपल्या वाल-पावट्याच्या, हरभऱ्या-भुईमुगाच्या कुळांतली आहे. नवख्या माणसानें ओळखीच्या वस्तूचें नांव अनोळखी वस्तूस चिकटवावें, ही रीत सर्व देशांत सारखीच.

आतां हें रोपटें ओळखावें कसें, तें पाहूं. त्याची उंची साधारणतः चार इंचांपासून एक फुटापर्यंत असते, क्वचित् त्याहून थोडी जास्त. बहुधा एकच दांडा, किंवा बुंध्यापाशींच फुटलेल्या दोन-तीन फांद्या. दांडा आणि पानांचे देठ यांवर लांब, पांढऱ्या, ताठ केसांची लव इतकी दाट असते, कीं सकाळच्या तिरप्या उन्हांत सारें झाड जणूं कापसांत गुंडाळल्यासारखें दिसतें. पान संयुक्त असतें. देठाच्या टोकास एकाच बिंदूपासून पांच लांबट पर्णिका पसरलेल्या असतात. आपल्याकडील सावरीचें पान ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांनीं तेंच अगदीं लहान करून डोळ्यांसमोर आणावें. पर्णिकेची वरची बाजू बरीचशी गुळगुळीत, खालची मात्र केसाळ. फुलें दांड्याच्या टोकाशीं आखूड, भरगच्च तुऱ्यांत येतात. प्रत्येक फूल वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचें, परंतु लहान. उमलतांना तें निळें-जांभळें असतें आणि थोड्याच दिवसांत फिकट होऊन भुरकट पडतें. पुढें शेंग धरते. तिला लांब चोंच असते, तिचें कवच कागदासारखें पातळ असतें, आणि आंत बी एकच.

इतकें सर्व सांगितल्यावरही फसगत होण्यास जागा राहतेच. त्याच प्रदेशांत ल्युपिन नांवाची वनस्पति वाढते. तिचींही फुलें निळीं, तीही शेंगांच्याच कुळांतली, आणि तिच्याही पर्णिका हाताच्या बोटांप्रमाणें एका बिंदूपासून पसरलेल्या. मात्र ल्युपिनच्या अनेक जातींत विषारी द्रव्यें असतात आणि तिच्या शेंगा खाऊन मेंढरें मेल्याचीं उदाहरणें पशुवैद्यांना चांगलीं ठाऊक आहेत. तेव्हां येथें ओळख चुकणें म्हणजे केवळ वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेंत गुण गमावणें नव्हे. ल्युपिनच्या पर्णिका बहुधा पांचाहून अधिक, सात-नऊपर्यंत असतात. झाड अधिक उंच व अनेक दांड्यांचें असतें. फुलांचा तुरा लांब व मोकळा असतो. शेंगेंत अनेक बिया असतात. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, खालीं खणून पाहिलें तर गोल कंद मिळत नाहीं. दुसरी एक रुपेरी पानांची बहीण आहे, ती तर तिंप्सिलेच्या अगदीं जवळच्या नात्यांतली. तिची पानें दोन्ही बाजूंनीं चांदीसारखीं चकाकतात, पर्णिका तीन ते पांच असतात, झुडूप फांद्याफांद्यांचें व दोन फुटांपर्यंत उंच असतें. आणि तिच्याही मुळाशीं खाण्याजोगा कंद नसतो. जाणत्या बाया म्हणूनच एका लक्षणावर कधींही विसंबत नसत. लव, पांच पर्णिका, बुटका बांधा, भरगच्च तुरा हीं चारही लक्षणें जुळलीं, तरच काठी जमिनींत जाई.

या वनस्पतीचा आणखी एक चमत्कारिक गुण आहे आणि त्यामुळेंच तिच्या ओळखीस घाईची जोड मिळते. बी पक्व झालें, कीं जमिनीच्या पातळीशीं असलेल्या सांध्यापाशीं वरचें सारें झाड आपोआप तुटतें. वाळलेलें, गोळा झालेलें तें झाड वाऱ्याबरोबर गवतांतून गडगडत जातें आणि वाटेंत बिया टाकीत राहतें. झाडाच्या दृष्टीनें ही बीजप्रसाराची उत्तम युक्ति. खणणाऱ्याच्या दृष्टीनें मात्र सारा ग्रंथ संपला. कारण कंद जमिनीखालीं चार-चार इंच खोल जिवंत राहतो, पण वर त्याची खूण म्हणून काडीही उरत नाहीं. त्यामुळें फुलण्यापासून तुटण्यापर्यंतचे जे कांहीं थोडे आठवडे, तेवढाच काय तो अवधि. लकोटांच्या पंचांगांत जून महिन्याचें एक नांवच या तिंप्सिलेवरून पडलें आहे, यांत नवल नाहीं. हुकलेली वेळ पुढल्या वर्षींच परत यावयाची.

मेल्व्हिन गिल्मोर या संशोधकानें मिसूरी नदीच्या खोऱ्यांतील जमातींच्या वनस्पतिज्ञानाविषयीं 1919 सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत डकोटा आयांची एक रीत नोंदलेली आहे. आई मुलांना घेऊन कुरणांत जाई आणि सांगे, कीं हीं झाडें एकमेकांकडे बोट दाखवितात. एक झाड सांपडलें, कीं त्याच्या फांद्या कोणत्या दिशांना वळल्या आहेत तें पाहा आणि त्या दिशेनें चालूं लागा. दुसरें झाड मिळेलच. मुलें धावत सुटत आणि खरोखरच त्यांना दुसरें झाड सांपडे. याची उपपत्ति लावणें फारसें कठीण नाहीं. गडगडणारें झाड एकाच टापूंत बिया टाकीत जातें, म्हणून जेथें एक रोप तेथें आसपास दहा असावयाचींच. कोणत्याही दिशेस गेलें तरी एखादें भेटणारच. परंतु ज्या आईनें हा खेळ प्रथम शोधून काढला, तिला शिक्षणशास्त्राचें मर्म पुरतें कळलें होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मूल फांदीची दिशा पाहण्यासाठीं वांकलें, कीं त्याच वेळीं त्याच्या नजरेखालून पान, लव आणि तुरा हीं सारीं जात, आणि धडा न देतां पाठ होत असे.

खणण्याचें काम बायकांचें. त्यासाठीं अॅश नांवाच्या चिवट लाकडाची, सुमारें हातभर ते दोन हात लांब काठी घेत. तिचें टोंक तासून अणकुचीदार करीत आणि विस्तवांत धरून कठीण करून घेत. ही काठी झाडाच्या बाजूस तिरपी खुपसावयाची, वरच्या टोंकावर शरीराचा भार टाकावयाचा आणि तरफेप्रमाणें उचलावयाची. मातीच्या ढेकळासकट कंद वर येतो. ऐकण्यास हें सोपें वाटतें. परंतु टेकड्यांवरील ती माती खडीमिश्रित, जूनच्या उन्हानें टणक झालेली, आणि अख्ख्या कुटुंबाच्या हिंवाळ्यासाठीं असे शेंकडों कंद काढावयाचे असत. ओमाहा लोकांच्या उन्हाळी शिकारीचा मार्ग आंखतांना गव्यांचे कळप कोठें आहेत एवढेंच पाहिलें जात नसे. बायकांना कंद कोठें मिळतील हेंही लक्षांत घेतलें जाई. शिकारीच्या कथांत पुरुषांच्या धनुष्यबाणांचें वर्णन भरपूर असतें; या काठीचें क्वचितच आढळतें.

कंद कोंबडीच्या अंड्याएवढा, कधीं त्याहून लहान वा मोठा. बाहेरून काळपट तपकिरी, खरखरीत, कातड्यासारखी साल. आंत शुभ्र पांढरा गर. ताजेपणीं ती साल सुरीनें चीर देऊन ओढली तर ओल्या फांदीच्या सालीसारखी सबंध निघून येते; एकदां वाळली कीं मग नखें मोडलीं तरी निघत नाहीं. म्हणून खणल्या दिवशींच सोलणें भाग असे. सोलतांना कंदाखालची लांब शेपटी मात्र जपून ठेवीत, कारण या शेपट्या एकमेकींत गुंफून कंदांची वेणी घालावयाची असे. अशा वेण्या तंबूंत टांगून वाळविल्या, कीं वर्षानुवर्षें टिकत. ही वेणी म्हणजे कोठारही होतें आणि नाणेंही. मिसूरीच्या कांठीं मातीच्या घरांत राहून मका पिकविणाऱ्या अरिकारा लोकांकडे लकोटा बायका या वेण्या घेऊन जात आणि बदल्यांत मका आणीत. भटक्यांच्या टेकडीवरचें पीक आणि शेतकऱ्यांच्या नदीकांठचें पीक यांची अशी गांठ पडे.

ताजा कंद कच्चाही खातां येतो. चव ओल्या भुईमुगाची आठवण करून देणारी, किंचित् गोड व पिठूळ. निखाऱ्यांत भाजून किंवा गव्याच्या मांसाबरोबर शिजवूनही तो खात. वाळलेले कंद आदल्या रात्रीं भिजवून रस्स्यांत टाकीत, किंवा दगडी उखळांत कुटून त्यांचें पीठ करीत. हें पीठ रानबोरांच्या खिरीस दाटपणा आणण्यास वापरीत, आणि त्याच्या भाकरीही थापीत. कंदांत पिष्टाचा अंश मोठा, आणि शेंगांच्या कुळांतला असल्यामुळें इतर कंदमुळांच्या मानानें प्रथिनेंही बरींच. वाळलेल्या कंदांत तीं सात टक्क्यांच्या आसपास भरतात. क जीवनसत्त्वही त्यांत आहे. ज्या प्रदेशांत हिंवाळ्यांत महिनोन्महिने हिरवें पान दृष्टीस पडत नाहीं, तेथें या गोष्टीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

औषध म्हणूनही या कंदाचा वापर होता. ब्लॅकफुट लोक घसा धरला किंवा पोट बिघडलें असतां वाळल्या कंदाचा काढा देत, आणि दांत येणाऱ्या तान्ह्या मुलाच्या हातीं सोललेला कंद चावण्यास देण्याची चाल होती. परंतु औषधापेक्षां अन्न म्हणूनच त्याची थोरवी मोठी, आणि त्याच्याविषयींची सर्वांत सुंदर कथा अन्नाचीच आहे.

ही कथा ब्लॅकफुट लोकांची. वॉल्टर मॅक्लिंटॉक यानें 1910 सालच्या आपल्या पुस्तकांत ती दिली आहे. सोआत्साकी, म्हणजे पिसांची कन्या, हिनें शुक्राच्या चांदणीवर मन जडविलें आणि तो प्रभाततारा तिला वरून आकाशांत घेऊन गेला. तेथें तिचा सासरा सूर्य आणि सासू चंद्र. (आपल्याकडे चंद्र मामा, तेथें तो सासू आहे.) सासूनें सुनेच्या हातीं खणण्याची काठी दिली आणि सांगितलें, कीं आकाशांतील सारे कंद खुशाल खण, पण तो एक थोरला कंद तेवढा खणूं नकोस. सुनेनें पुष्कळ दिवस आज्ञा पाळली. पण एके दिवशीं, तान्हें मूल जवळ असतां, तिची काठी त्या थोरल्या कंदांत रुतून बसली. दोन क्रौंच पक्ष्यांच्या मदतीनें तो उपटला गेला आणि आकाशास भोंक पडलें. तिनें त्यांतून खालीं पाहिलें. खालीं तिच्या लोकांचे तंबू, नदी, खेळणारीं मुलें, कामांत गढलेल्या बायका. त्या भोंकांतून तिच्या माहेरचे आवाज वर आले, आणि तिच्या डोळ्यांना जें पाणी लागलें तें खळेना. आज्ञाभंगाबद्दल तिला मुलासह पृथ्वीवर उतरविण्यांत आलें; आकाशांत परत जाणें पुन्हां घडलें नाहीं. ज्या भोंकांतून तिनें पाहिलें, त्यांतून पलीकडचा उजेड अजून येतो, आणि तोच लोकांना स्थिर राहणारा तारा म्हणून दिसतो. आपण ज्यास ध्रुव म्हणतों, तो हाच.

गोऱ्या लोकांच्या लेखांत या वनस्पतीचें सविस्तर वर्णन मेरिवेदर लुईस याच्या रोजनिशींत सांपडतें. मिसूरी नदीच्या उगमाकडे निघालेल्या त्याच्या तुकडीचा तळ 1805 सालच्या 8 मे रोजीं मिल्क नदीच्या मुखाजवळ होता. त्या दिवशीं त्यानें पान, दांडा, कंद, सोलण्याची व वाळविण्याची पद्धत हें सारें बारकाईनें लिहून ठेविलें. त्याला स्वतःला त्याची चव अगदींच फिकी वाटली; तरी खवय्ये याचें कौतुक करतील आणि मांसाच्या रश्श्यांत महाग अळंब्यांऐवजीं हा चालेल, असा अभिप्राय देण्यास तो विसरला नाहीं. पुढें फ्रेडरिक पुर्श यानें लंडन येथें छापलेल्या, 1814 सालच्या ग्रंथांत तिला शास्त्रीय नांव दिलें : सोरालिया एस्क्युलेन्टा. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'खाद्य'. पहिला शब्द मराठी घरांना एका अर्थीं परका नाहीं. आपल्या वैद्यांच्या बटव्यांतली, कोडावर लावण्यास दिली जाणारी बावची हिचेंही नांव शास्त्रज्ञांनीं सोरालिया असेंच ठेविलें होतें. झाडावरील फोडांसारख्या बारीक ग्रंथींवरून हें नांव पडलें. आतां या दोघींचीं घरें वेगळीं मांडलीं गेलीं आहेत. बावची 'कुल्लेन' या गणांत गेली, आणि रिडबर्ग यानें 1919 सालीं अमेरिकन बहिणींसाठीं 'पेडिओमेलम' असा नवा गण केला. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ मैदानांतलें सफरचंद असा होतो. म्हणजे फ्रेंच नावाड्यांचें नांवच अखेर पंडितांनीं शिरोधार्य मानलें.

फ्रान्समध्यें या कंदाची एक छोटीशी हकीकत घडली. 1845 नंतर युरोपांत बटाट्यावर रोग पडून हाहाकार उडाला, तेव्हां लामार-पिको नांवाच्या प्रवाशानें हा कंद बटाट्याच्या जागीं लावावा म्हणून अमेरिकेंतून आणविला. त्याच्या नांवावरून कंदास 'पिकोसियान' असें गोंडस नांवही मिळालें. परंतु बटाटा तीन-चार महिन्यांत पदरीं पडतो. हा कंद खाण्याजोगा होण्यास वर्षांमागून वर्षें जातात. शेतकऱ्यांनीं पाठ फिरविली आणि नांव तेवढें मागें राहिलें.

ज्या संथपणामुळें तो फ्रान्समध्यें नापास झाला, त्याच संथपणामुळें मायभूमींतही त्याच्यावर आपत्ति आली. जॉन डियर यानें 1837 सालीं पोलादी नांगर बनविला आणि प्रेअरीची चिवट, मुळांनीं विणलेली माती उलथणें शक्य झालें. 1862 सालच्या कायद्यानें सरकारी जमीन वसाहतवाल्यांना 160 एकरांच्या तुकड्यांनीं वांटली जाऊं लागली. पूर्वेकडील उंच गवताच्या प्रेअरीपैकीं आज शेंकडा चारांहूनही कमी भाग उरला आहे असें मानतात. एकदां नांगरलेल्या जमिनींत तिंप्सिला आपण होऊन सहसा परतत नाहीं. कोट्यवधि गवे मारले गेले. 1880 नंतरच्या दशकाअखेर ते कांहीं शेंकड्यांवर आले. लोकांना राखीव प्रदेशांत कोंडून सरकारी शिधा म्हणून पांढरें पीठ व चरबी देण्यांत येऊं लागली. त्या पिठाचीच तळलेली पोळी आज त्यांचें 'पारंपरिक' अन्न म्हणून जत्रांतून विकली जाते, आणि मधुमेहाचा रोग त्यांच्यांत फार मोठ्या प्रमाणांत आहे.

परंतु नांगरापेक्षांही खोल घाव दुसराच होता. 1879 सालीं पेनसिल्व्हेनियांतील कार्लाइल येथें या जमातींच्या मुलांसाठीं वसतिशाळा निघाली आणि मागोमाग तशा अनेक निघाल्या. मुलांचे केस कापले, मातृभाषा बोलण्यास बंदी केली. आणि उन्हाळ्याच्या सुटींतही पुष्कळ मुलांना घरीं न पाठवितां गोऱ्या कुटुंबांत कामास ठेवीत. येथें पंचांगाकडे पुन्हां पाहावें. तिंप्सिला ओळखण्याचे आठवडे जूनचे. जें मूल सात-आठ जून आईजवळ नव्हतें, त्यास झाडें एकमेकांकडे बोट कसें दाखवितात हें कोण सांगणार? टेकडीवर झाड होतें, तें फुलतही होतें. पण त्याच्याकडे पाहून थांबणारा डोळा तयार होईना. शिवाय हें ज्ञान एका ऋतूच्या खंडानें नाहींसें होत नसलें, तरी दोन पिढ्यांच्या खंडानें होतें.

तरीही तें पुरतें नाहींसें झालें नाहीं. कांहीं घरांतील आज्यांनीं तें राखून ठेविलें. ज्या टेकड्या खडकाळ म्हणून नांगरापासून वांचल्या, त्याच या कंदाच्या आवडीच्या असल्यामुळें दक्षिण डकोटांतील पाइन रिज आणि रोझबड या राखीव प्रदेशांत तो आजही खणला जातो. काठीच्या जागीं लोखंडी पहार आली आहे. वेण्या आजही घातल्या जातात, बाजारांत विकल्या जातात, आणि कित्येक स्वयंपाकघरांत भिंतीवर टांगलेल्या दिसतात. लकोटा शाळांतून मुलांना जूनमध्यें टेकडीवर नेण्याची चाल पुन्हां सुरू झाली आहे.

खणण्याचा जुना नियमही त्यांना शिकवितात. एका ठिकाणचे सगळे कंद काढावयाचे नाहींत. लहान रोपांना हात लावावयाचा नाहीं. आणि कंद वर आल्यावर, त्याचा बीं धरलेला शेंडा मोडून त्याच खड्ड्यांत ठेवावयाचा, वर माती लोटावयाची, आणि पायानें हलकेंच दाबून मग पुढच्या झाडाकडे वळावयाचें.